शून्याखालचं पाणी

“हे शून्य तुमच्याच हातचं ना, काका?”

सर्वेक्षणवाल्या बाईंनी नोंदवही फिरवून टेबलावर पुढे सरकवली. पट्टीवाल्यांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला काचा पुसल्या आणि वाकून पाहिलं. शून्य त्यांचंच होतं. दुसऱ्या कुणाचं असणार? गोल गरगरीत, वरच्या बाजूला जरासं टोक आलेलं, शाळेत मास्तरांनी हजारदा टोकूनही न सुधारलेलं.

“माझंच,” ते म्हणाले. आवाजात थोडा रुबाब आला आणि तो काही त्यांना लपवता आला नाही.

लपवायचं कारणही नव्हतं. बत्तीस वर्षं हा माणूस रोज सकाळी दलदलीवर जाऊन, पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते पाहत होता आणि वहीत लिहीत होता. नोकरी एवढीच. पट्टी म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीची थोरली बहीण. पत्र्याची, पांढरी, काळ्या आकड्यांची, खांबाला ठोकलेली. तिच्यावरूनच कचेरीत सगळे त्यांना पट्टीवाले म्हणत. खरं नाव हजेरीपटात तेवढं उरलं होतं. ताप असो की घरी पाहुणे असोत, खाडा म्हणून कधी नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा हे आधी पट्टी वाचून आले आणि पायाला चिखल तसाच घेऊन लग्नाला उभे राहिले, ही गोष्ट कचेरीतल्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकावीच लागे. बत्तीस वर्षांच्या बत्तीस वह्या कपाटात ओळीनं उभ्या होत्या. त्या कुणी उघडून बघत नसे, हा भाग वेगळा.

आता मात्र एक माणूस सबंध तीन दिवस त्याच वाचत बसलं होतं. पट्टीवाल्यांना निवृत्तीला अकरा दिवस राहिले होते आणि या तीन दिवसांत त्यांना नोकरीचं सार्थक झाल्यासारखं वाटत होतं. बाईंना चहा हवा का, पंखा लावू का, खिडकी उघडू का, असं करत ते टेबलाभोवती घोटाळत होते.

“सुरुवातीची एकवीस वर्षं बघा,” बाई म्हणाल्या. “ऐन उन्हाळ्यातही वीस-पंचवीस सेंटिमीटर पाणी आहेच. आणि ही पुढची अकरा. दर वर्षी पाच महिने नुसतं शून्य.”

“हो. असं आहे खरं.”

“त्याच सुमाराला वीटभट्टीवाल्यांनी तो मोठा चर खणला ना? त्यानं पाणी ओढून नेलं असणार.” बाईंनी पेनाचं टोपण लावलं. “मी आशेनं आले होते, काका. वरून काढलेल्या फोटोत सगळं हिरवंगार दिसतं, पण त्या लव्हाळ्याखाली पाणी आहे की नाही हे फोटोला कळत नाही. आसपासचे लोक म्हणतात बारा महिने पाणी असतं. म्हटलं, वह्यांत सापडेल. पण नियम असा आहे की वर्षातून सात महिन्यांच्या वर ज्या जमिनीत पाणी उभं राहतं, तीच पाणथळ म्हणून राखायची. यात तर जेमतेम सात भरतात.”

“मग?”

“मग ती राखीव यादीतून जाणार. गुरुवारी सुनावणी आहे. गोदामवाले भराव घालायला टपलेलेच आहेत. तुमच्या वह्या इतक्या स्वच्छ नसत्या तर वर्षभर वाद चालला असता. आता कुणाला तोंड उघडायला जागाच नाही.”

त्या हे कौतुकानंच म्हणाल्या. पट्टीवाल्यांनी मात्र उघडी वही मिटली. टेबलाची कड धरून ते उभे राहिले आणि “चहा सांगतो,” असं पुटपुटून बाहेर आले. चहा सांगायचं विसरून, सायकल काढून सरळ घरी गेले.

घर म्हणजे बांधाच्या कडेचं सरकारी बिऱ्हाड. दोन खोल्या, मागच्या खोलीला दलदलीकडे उघडणारी खिडकी आणि खिडकीशी एक खाट. खाटेवर आता कुणी झोपत नव्हतं. गादी गुंडाळून ठेवलेली आणि वर चादर घातलेली होती. पट्टीवाले पुढच्या खोलीतच झोपत. मागच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ खिडकी उघडायला आणि लावायला तेवढे जात.

अकरा वर्षांपूर्वी काय झालं होतं, ते त्यांना आठवावं लागलं नाही. ते विसरलेच नव्हते. त्याकडे कानाडोळा करायची सवय मात्र हाडीमाशी भिनली होती.

त्या वेळी पट्टी काठावर नव्हती. पार आत, लव्हाळ्याच्या गर्दीत, जिथे दलदलीचा तळ सगळ्यात खोल आहे तिथे होती. फळ्या टाकून केलेल्या वाटेनं जायला अर्धा तास आणि यायला अर्धा तास. त्या वर्षी पूर आला. जलपर्णीचा घराएवढा गठ्ठा एक ओंडका पोटात घेऊन वाहत आला आणि पट्टीच्या खांबाला धडकला. खांबाचा वरचा भाग मोडून गेला, फळ्यांची वाट वाहून गेली. आणि नेमक्या त्याच महिन्यात बायकोचं दुखणं काय आहे ते डॉक्टरांनी सांगितलं. तिला सकाळी उठवून बसवायचं, तोंड धुवायचं, औषध द्यायचं, हे सगळं करायला घरात दुसरं माणूस नव्हतं. लेक तेव्हा दूरच्या शहरात शिकत होती.

पट्टीवाल्यांनी भांडारातून नवी पट्टी आणली आणि बांधाच्या दगडी पायऱ्यांशी, कडेच्या उथळ पाण्यात, स्वतःच्या हातानं खांब रोवून ठोकली. घरापासून पाच मिनिटं. सायकलवरून न उतरताही वाचता येई.

यात गुन्हा काही नव्हता. पट्टी हलवता येते. पण हलवली की जुन्या शून्यात आणि नव्या शून्यात किती अंतर पडलं ते मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहावं लागतं. त्याला साहेबांचा हुकूम लागतो, कारण सांगावं लागतं, मोजणीचं यंत्र घेऊन माणूस यावा लागतो. तो आला असता तर म्हणाला असता, अहो, इथे कडेला कशी बसवलीत, आत न्या ती परत. म्हणून पुढच्या आठवड्यात कळवू, असं त्यांनी ठरवलं. मग पुढच्या महिन्यात. वर्ष झाल्यावर कळवायची लाज वाटू लागली. आणि तसंही वह्या वाचत कोण होतं?

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठावरची पट्टी कोरडी पडे. आत लव्हाळ्याखाली पोटरीइतकं पाणी असे. पट्टीवाले नियमाप्रमाणे लिहीत, शून्य.

घरात शिरताच खाटेवरून रोजचा प्रश्न येई. लग्न झाल्यापासूनचा तो प्रश्न होता. लोकांच्या बायका नवऱ्याला विचारतात जेवायला काय करू, ही विचारायची, “आज किती?” आणि ते आकडा सांगायचे. दोघांचं बोलणं त्या आकड्यापासून सुरू व्हायचं.

“आज किती?”

“शून्य.”

“शून्य?” उशीवरून मान न हलवता ती हसली होती. “अहो, मग हे बेडूक काय सुक्यात ओरडतायत? आणि त्या पाणकोंबड्या? पायी चालत आल्या वाटतं पलीकडच्या तळ्यावरून!”

“पट्टी म्हणते ते लिहायचं. आपलं डोकं चालवायचं नाही.”

“चालवू नका बाई. चालवलंत तर झिजेल.”

ती तीन वर्षं खाटेवर होती. तेवढ्या काळात तिला कान हेच डोळे झाले होते. खिडकीतून आलेल्या आवाजावरून ती सांगायची, आज मोठ्या पाण्यावर बदकं उतरली, आज लव्हाळ्यात कुणीतरी गवत कापतंय. त्या एका दलदलीचे तिनं चार भाग पाडले होते आणि त्यांना नावंही दिली होती. मधलं उघडं ते मोठं पाणी. त्याच्या भोवतीचं, लव्हाळ्या-पाणकणसांनी भरलेलं, ते उभं पाणी. कडेचं गवताळ, पावसात भरणारं आणि हिवाळ्यात गुरं चरणारं, ते हिरवं पाणी. आणि टेकडीखाली जिथे दगडांतून झरा पाझरतो आणि शेवाळ कधीच वाळत नाही, ते चोरपाणी. पट्टी हिरव्या पाण्यात आणून ठोकायची आणि वर्षभराचा हिशेब साऱ्या दलदलीचा सांगायचा, हे तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. तिनं कधी खोदून विचारलं मात्र नाही.

ती गेली त्या सकाळीही पट्टीवाल्यांनी पट्टी वाचली होती. घरी येऊन दारात उभे राहिले होते. कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन लावला. एरवी रविवारी लागणारा फोन मंगळवारी आला म्हणून ती घाबरलीच.

“बाबा, बरं आहे ना?”

“बरं आहे गं. सहज केला.”

“तुम्ही आणि सहज? सामान बांधायला घेतलंत का? इकडे खोली रंगवून तयार आहे. आता एकदाचं ते डबकं सोडा.”

“डबकं नाही ते,” पट्टीवाले म्हणाले, आणि एवढं तोडून बोलल्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग हळूच म्हणाले, “तुझी आई तुला कधी पट्टीबद्दल काही बोलली होती?”

पलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला.

“बोलली होती. मी सुट्टीत आले होते तेव्हा. म्हणाली, तुझ्या बाबांनी माझ्यासाठी पट्टी कडेला आणलीय. त्यांना वाटतं मला कळत नाही. मी बरी झाले की म्हणणार आहे, आता ठेवा ती परत जागेवर.” लेकीनं लगेच विचारलं, “का हो, बाबा? काय झालं?”

“काही नाही. तू जेव.”

त्यांनी फोन ठेवला. बायकोवर त्यांना रागच आला. ती गेल्यावर आठ वर्षांनी आला, तोही अगदी खराखुरा. एवढं ठाऊक होतं तर बोलायचं होतंस की! मग राग ओसरला आणि घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. दोन खोल्यांचं घर, पण त्या दिवशी एका भिंतीपासून दुसरीपर्यंत जायला फार चालावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाट फटफटताच त्यांनी पायजमा गुडघ्याच्या वर खोचला, हातात बांबू घेतला आणि पायऱ्यांवरची पट्टी वाचली. बावन्न सेंटिमीटर. मग अकरा वर्षांनी प्रथमच ते आत शिरले.

आतलं जग त्यांना ओळखू येईना. बांधाच्या या अंगाला घरं पाडलेल्या विटा-सिमेंटचे ढीग ओतलेले होते, त्यांतून गंजलेल्या सळया वर आलेल्या. हिरवं पाणी तर जवळजवळ संपलंच होतं. वीटभट्टीचा चर मध्येच आडवा गेला होता आणि त्याच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशव्यांचा लगदा साठला होता. मोठ्या पाण्याच्या कडेला जलपर्णी पसरलेली. अकरा वर्षं ते रोज इथे येत होते आणि काठावर उभे राहून फक्त एक आकडा घेऊन जात होते. याची त्यांना शरम वाटली.

पण त्याच्या पलीकडे लव्हाळं दाट झालं आणि पाणी मांडीच्या वर आलं. पायाखालचा चिखल ओळखीचा लागला. एक पाणकोंबडी पिलांना घेऊन फळ्यांच्या जुन्या खुंटांमधून गेली, घाईघाईनं, हा कोण आला आता, अशा थाटात. पट्टीवाले कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. चोरपाण्याच्या बाजूनं गार धार येत होती. म्हणजे झरा चालू होता. चरानं कितीही ओढलं तरी झरा भरून काढत होता.

खांबाचा बुंधा त्यांना तासाभरानं सापडला. खालचा भाग सिमेंटात रोवलेला, सरळ उभा, दुसऱ्या मीटरच्या मध्यावर मोडलेला. वर गोगलगाईंची गुलाबी अंडी चिकटली होती. ती न खरवडता त्यांनी बाजूचा चिखल हातानं पुसला. आकडे निघाले. एक मीटर सोळा.

पाणी सगळीकडे एकाच पातळीला असतं, त्याला काठ आणि मध्य कळत नाही. एकशे सोळातून बावन्न गेले, राहिले चौसष्ट. वहीतल्या प्रत्येक शून्याखाली चौसष्ट सेंटिमीटरपर्यंत पाणी असू शकत होतं. पट्टीवाल्यांनी ओल्या बोटानं गणित पुन्हा हातावर केलं, जणू दुसऱ्या वेळी उत्तर वेगळं येणार होतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खोलीचं दार लावलं.

“पट्टीवाले, तुम्हाला झालंय काय? दहा दिवस राहिले तुमचे.”

“म्हणूनच आलो, साहेब.”

“हे बघा.” साहेबांनी कपाटामागून एक चौकट काढली. काचेखाली सोनेरी कडेचा कागद होता. बत्तीस वर्षे अखंड व अचूक नोंद ठेवल्याबद्दल गौरव, असं त्यावर छापलेलं. “मी स्वतः मजकूर लिहिलाय. वरून मोठे साहेब येणार आहेत द्यायला. आणि तुम्ही उठून सांगणार की अकरा वर्षं चुकीचं लिहिलं?”

“चुकीचं नाही लिहिलं. पट्टी म्हणाली तेच लिहिलं. पट्टीच चुकीच्या जागी होती.”

“आणि ठेवली कुणी?”

“मी.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. माणूस वाईट नव्हता. बायकोच्या दुखण्यात त्यांनीच न मागता दुपारच्या सुट्ट्या दिल्या होत्या. “मला तेव्हा एका शब्दानं सांगितलं असतंत तर? अहो, मी काय खाल्लं असतं तुम्हाला?”

“नाही, साहेब.”

“मग आता गप्प बसा. आता हे बाहेर काढलंत तर अकरा वर्षांवर भागणार नाही. लोक म्हणतील, ज्यानं अकरा वर्षं लपवलं त्याची आधीची एकवीस तरी कशावरून खरी? सगळं बत्तीस वर्षांचं मुसळ केरात जाईल. मागे काय उरेल तुमचं? सांगा ना.”

पट्टीवाल्यांच्या मागे खरोखरच दुसरं काही नव्हतं. घर सरकारी, बायको गेलेली, लेक तिच्या संसारात. कपाटातल्या त्या बत्तीस वह्या, एवढाच काय तो माणूस होता. तो दिवस आणि ती रात्र त्यांनी जेमतेम काढली. जेवण उतरेना. एकदा वाटलं, जाऊ दे, आपण काय दलदलीचा मक्ता घेतलाय का? खिडकी लावायला मागच्या खोलीत गेले तर बाहेर बेडकांनी नुसता उच्छाद मांडला होता. त्यांनी खिडकी लावली नाही.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती, भर दुपारी. समोरच्या टेबलावर अध्यक्ष, बाजूला सर्वेक्षणवाल्या बाई, आणि पट्टीवाल्यांच्या वह्या एकावर एक रचलेल्या. गोदामवाल्यांचे वकील त्या वह्यांवर हात ठेवूनच बोलत होते. “एका प्रामाणिक कर्मचाऱ्याची बत्तीस वर्षांची तपश्चर्या,” असं ते दोनदा म्हणाले. साहेबांनी पहिल्या रांगेतून मागे वळून पट्टीवाल्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. नको, असं ते होतं.

“कुणाला काही सांगायचंय?” अध्यक्षांनी विचारलं.

पट्टीवाले उभे राहिले. त्यांनी काय बोलायचं ते कागदावर लिहून आणलं होतं, पण चष्मा घरी राहिला होता.

“ते शून्य माझं आहे,” ते म्हणाले. “पण ते दलदलीचं नाही. पायरीचं आहे.”

सभागृहात कुणीतरी हसलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. पूर, खांब, पायऱ्या. बायकोच्या दुखण्याचं वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. शेवटी म्हणाले, “चौसष्ट सेंटिमीटरचा फरक आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. आज दोन्हीकडचं पाणी वाचा, कळेल.”

वकील सावकाश उठले. “म्हणजे तुमच्या अकरा वर्षांच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही?”

“नाही.”

“आणि आधीच्या एकवीस?”

पट्टीवाल्यांनी वह्यांच्या चळतीकडे पाहिलं. त्या एकवीस वर्षांतली प्रत्येक सकाळ त्यांना ठाऊक होती. थंडीत बधिर झालेली बोटं, पावसात शर्टाच्या आत धरलेली वही. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की त्यातला एकेक आकडा सोन्यासारखा आहे.

“ते तुम्ही ठरवा,” ते म्हणाले आणि खाली बसले.

त्याच दुपारी सगळी मंडळी बांधावर आली. अध्यक्ष आणि वकील पायऱ्यांवरच थांबले. सर्वेक्षणवाल्या बाईंनी चपला काढल्या, कपडे वर खोचले आणि पट्टीवाल्यांच्या मागोमाग पाण्यात उतरल्या. बुंध्याशी पोचल्यावर त्यांनी स्वतः आकडा वाचला, स्वतःच्या वहीत लिहिला. पायऱ्यांवरचा आधीच लिहिला होता. फरक चौसष्टच निघाला. परत येताना चराजवळ त्यांचा पाय घसरला तेव्हा पट्टीवाल्यांनी बांबू पुढे केला.

“रागावला आहात का, मॅडम?” त्यांनी विचारलं.

“हो,” बाई म्हणाल्या. “मी जवळजवळ ही जागा घालवली होती, काका. तुमच्या अक्षरावर भाळून.” थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, “पण तुम्ही उभे राहिला नसतात तर मी तो निकाल आयुष्यभर बरोबरच समजले असते.”

निकाल दोन दिवसांनी आला. भराव थांबवला. एक वर्षभर जुन्याच जागी नव्यानं मोजणी करायची, तोवर दलदल राखीव समजायची, चराच्या तोंडाला बांध घालायचा. आणि शेवटच्या ओळीत, कर्मचाऱ्यानं ठेवलेल्या सर्व बत्तीस वर्षांच्या नोंदी विश्वासार्ह न मानता बाजूला ठेवण्यात येत आहेत. सर्व बत्तीस. पट्टीवाल्यांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. वह्या कपाटातून निघाल्या, पोत्यात भरल्या गेल्या आणि तळघरात गेल्या. कपाटाच्या धुळीत त्यांच्या जागेच्या चौकोनी खुणा तेवढ्या राहिल्या.

निरोपाचा समारंभ झाला. मोठे साहेब आले नाहीत. चहा-बिस्किटं झाली, कुणीतरी लग्नाच्या दिवसाची गोष्ट काढायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली. सोनेरी कडेचा कागद नवा छापला होता. त्यात आता बत्तीस वर्षे सेवा, एवढंच होतं. साहेबांनी तो हातात देताना खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

“साहेब, एक मागू?” पट्टीवाले म्हणाले. “पट्टी आत न्यायचीय ना? आज संध्याकाळपर्यंत मी नोकरीतच आहे. मला नेऊ द्या.”

साहेबांनी भांडाराची किल्ली काढून दिली.

दुपारी त्यांनी पायऱ्यांवरचे स्क्रू सोडवले. गंजले होते, तेल सोडावं लागलं. पट्टी आणि भांडारातला नवा खांब खांद्यावर घेतला, हत्यारांची पिशवी गळ्यात अडकवली आणि कमरेइतक्या पाण्यातून एकटे आत गेले. बुंध्याला नवा खांब जोडायला, शून्य जुन्या शून्याशी जुळवायला, स्क्रू पिळायला तीन तास लागले. मधल्या दिवसांत अंडी फुटून गोगलगाईंची बारीक पिलं निघून गेली होती, खांबावर त्यांचे गुलाबी ठिपके राहिले होते. पट्टीवाले दोन पावलं मागे सरले, मान तिरकी करून पट्टी उभी आहे ना ते पाहिलं आणि वाचलं. वही नव्हती. आकडा त्यांनी तोंडातच धरून ठेवला.

घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. पुढच्या खोलीत लेकीकडे न्यायचं सामान बांधून ठेवलेलं होतं. दारात उभं राहून त्यांनी पायांचा चिखल पुसला. मग सवयीनं क्षणभर थांबले. घरातून कुणी काही विचारलं नाही.

ते मागच्या खोलीत गेले. खिडकी उघडीच होती. गुंडाळलेल्या गादीशी, खाटेच्या कडेवर, ओल्या कपड्यांनिशी बसले.

“एक मीटर नऊ,” ते म्हणाले. आणि जरा वेळानं, “ठेवली गं जागेवर.”